दुसऱ्या सहीची बाई

रुग्णालयात खिडकीआड बसणाऱ्या माणसांविषयी मी आजवर जे लिहिले, ते बहुतेक तक्रारअर्जांतच लिहिले. आणि त्यांना उत्तर न देण्याची शिस्त तिथे कटाक्षाने पाळली गेली. त्याच औषधखिडकीतल्या एका बाईंविषयी आज उत्साहाने लिहावेसे वाटते आहे, याचे मलाच नवल वाटते.

बाई औषधनिर्मात्या. औषधासोबत रुग्णांना मिळणारी माहितीपत्रके त्या लिहितात. एकाने लिहायचे आणि दुसऱ्या औषधनिर्मात्याने तपासून सही करायची, असा तिथला नियम. ती सही होईपर्यंत त्या कागद जागचा हलू देत नाहीत, म्हणून त्यांचे नावच ‘दुसरी सही’ पडले आहे. “आमची सून चहातली साखरसुद्धा दुसऱ्याकडून तपासून घेते,” असे त्यांचे सासरे सांगतात म्हणे.

माझ्या अक्काला दम्याचे औषध सुरू होते : कॅपसूल आणि श्वासाबरोबर औषध ओढायचे लहानसे यंत्र. गुण मात्र येईना. घराचा जिना चढताना तिला मध्येच पायरीवर बसावे लागे. असेच राहिले तर दाखल करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. वॉर्डाचे नाव अक्का घरात काढू देत नसे. तिचे यजमान तिथून परतलेच नव्हते. म्हणून माहितीपत्रक निरुपयोगी असल्याचा सविस्तर अर्ज लिहून मी तिच्यासह खिडकी गाठली.

अर्ज बाईंनी, रिवाजानुसार, वाचला नाही. आम्हाला आत बसवून त्यांनी पत्रक अक्कापुढे ठेवले आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले.

“मावशी, घरी करता तस्संच करून दाखवा. मी चकार शब्द बोलणार नाही.”

“परीक्षाच की ही!” अक्का खुलली. “नापास झाले तर छडी नको हं.”

तिने पत्रक वाचले, यंत्र पुढ्यात घेतले, पाकिटातून कॅपसूल काढली आणि इकडेतिकडे पाहू लागली.

“पाणी कुठाय?”

“पाणी कशाला?” बाईंच्या तोंडून सुटलेच.

“मग काय कोरडी गिळू? आधी कॅपसूल, मग हे ओढायचं. रोज तेच तर करतेय.”

“थांबा, मावशी! गिळू नका!”

बाई ताडकन उठल्या. पत्रकाची सुरुवातच यंत्र तोंडात धरण्यापासून होत होती. कॅपसूल यंत्रात ठेवायची, ही गोष्ट दोघा औषधनिर्मात्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की एकाचे लिहायचे राहिले आणि दुसऱ्याचे विचारायचे.

“अहो, पळत या!” त्यांनी सहकाऱ्याला हाक मारली. “आपण दोघांनी मिळून मावशींना रिकामं यंत्र ओढायला लावलंय!” त्या आवाजात शरम होती; पण चोर सापडल्याचा हर्ष त्याहून मोठा होता. छपाई थांबवण्याचा फोन गेला, खिडकीवरचा गठ्ठा आत आला आणि नवी पहिली ओळ उभ्याउभ्याच लिहिली गेली : ‘ही कॅपसूल गिळू नका. ती यंत्रात ठेवायची आहे.’ सहकाऱ्याने सही केली. बाईंनी कागद पुन्हा अक्कापुढे सरकवला.

अक्काने कॅपसूल यंत्रात ठेवली, कॅपसूलला भोक पाडणारी बाजूची कळ दाबली, श्वास ओढला. आत भुर्रर्र झाले.

“अगंबाई! हे तर बोलतंय!”

“बोलायलाच हवं. आता कॅपसूल रिकामी झाली का बघा.” बाईंनी तो आवाजही पत्रकात लिहिला.

पुढच्या तपासणीत दाखल होण्याचा विषयच निघाला नाही. अर्ज मी मागे घेतलेला नाही. पत्रकाचे अक्षर अजून बारीकच आहे. पण त्या तपासणीहून घरी येताना अक्का न थांबता जिना चढली आणि वरून ओरडली, “काय रे तक्रारखोर, बसतोस का जरा पायरीवर?”