धवल्यात घातलेला बेंजो

माझी आत्या उरणची धवलारीण. आमच्या कोळ्यांच्या लग्नात देवांना आवतण देण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत जी गाणी लागतात, ते धवले ती म्हणायची. एकदा सुरू झाली की थांबणं नाही. एका गाण्याची शेवटची ओळ संपतासंपताच दुसरं सुरू. माझ्या बहिणीच्या लग्नात मी तिच्याशेजारी छोटा रेकॉर्डर ठेवून सगळं उतरवून घेतलं होतं. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कुजबुजीएवढाच उरला. एकदा मला जवळ ओढून म्हणाली, "माजं गानं तुज्याकडं हाय ना? मना आयकव."

तिच्याकडे जुना सीडी प्लेअर होता. माझ्याकडचं रेकॉर्डिंग फ्लॅक फाइलींमध्ये होतं. त्यात फाइल लहान होते, पण आवाजातलं काहीच फेकलं जात नाही. एमपीथ्री बरंच फेकते. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं आणि त्यावर सीडी मी कधी बर्न केली नव्हती. म्हणून पेनड्राइव्ह घेऊन पनवेलच्या बाजारात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका दुकानात गेले. "आहे तसं उतरवून द्या," असं बजावून सांगितलं.

उरणला जाऊन सीडी लावली, तर आधी कुणा बाईचा लाडिक आवाज: दुकानाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर. मग आत्या, आणि तिच्या आवाजाखाली धाडधाड बेंजोचा ठेका. प्रत्येक गाण्यानंतर शांतता, आणि पुन्हा ती लाडिक बाई!

आत्या माझ्याकडे वळली. "यो बेंजो कुनी घातला? आमच्या धवल्यात बेंजो नाय."

दुसऱ्या दिवशी तडक दुकान गाठलं.

"ताई, तुमच्या फाइली इथे चालतच नव्हत्या," दुकानदार म्हणाला. "एमपीथ्री करून घेतल्या. नुसता आवाज कोरडा वाटत होता, म्हणून म्युझिक टाकलं. मागची गडबडही क्लीन केली."

"मी सांगितलं होतं करायला?"

"अहो, म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय त्यातलं?"

"पहिल्या ओळीला कळलं तिला."

तो हसला. "असं करा, मिस्टरांना पाठवा. टेक्निकल आहे, त्यांना समजावतो."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. आमच्या घरी टीव्हीची वायर निघाली तरी मिस्टर मला हाक मारतात! ज्या बाईनं अख्ख्या उरणची लग्नं लावली तिला काही कळत नाही, आणि मला समजायला नवरा लागतो. त्याच्या कॉम्प्युटरवरची कॉपी माझ्यासमोर डिलीट करायला लावली आणि बाजारातून कोऱ्या सीडी घेऊन रोडपालीला घरी आले.

रविवारी दुपारी बसले. बर्न करायचा प्रोग्रॅम फ्लॅक घेईना. मग टर्मिनल उघडून कमांडनं एकेक फाइल सीडीला चालणाऱ्या साध्या वेव्ह फाइलीत उलगडली. सीडी झाली, ऐकली, तर दर गाण्यानंतर पुन्हा तीच शांतता! प्रोग्रॅम न विचारता दोन सेकंद सोडत होता. म्हणजे हाही शहाणाच. सेटिंगमध्ये शोधून तो गॅप शून्यावर आणला, सगळी डिस्क एका दमात लिहायला सांगितली, आणि अर्ध्यात लाइट गेली. आमच्या सेक्टरची लाइट कधी जावी याला काही ताळतंत्र नव्हतं. ती डिस्क कचऱ्यात गेली. लाइट आल्यावर पुन्हा केली. हेडफोन लावून एकेक सांधा तपासला. कुठेही खंड नव्हता.

उरणला नेऊन ती सीडी लावली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. देवांना बोलावणं चाललं असताना तिनं एकदम डोळे उघडले.

"ही मागं कोन बडबडतेय?"

मी कान दिला. आत्याच्या आवाजामागे स्पष्ट ऐकू येत होतं: आमची धाकटी काकू कुणालातरी सांगत होती की नवरीची साडी स्वस्तातली वाटते.

"मी देवांना बोलवतंय न ही साडीचं बोलतेय!" आत्या कुजबुजली, पण त्या कुजबुजीला अशी धार होती की मी प्लेअर बंद करायला उठले. तिनं माझा हात धरला. "बंद नको करूस. तिला बोलव. तिला पन आयकू दे."

काकू दोन घरं सोडून राहायची. मी बोलावून आणली.