यादीत नसलेली वस्ती

दिंद्रुडच्या रेवणप्पा किराणावाल्याची शिवकन्या बीडला एका नेटवर्क कंपनीत होती. काय काम करतेस, असं बापानं विचारलं की म्हणायची, "पत्ते लिहिते, अप्पा." बापाला ते पोस्टातलं काम वाटायचं, आणि तो फारसा चुकतही नव्हता. तिच्या जाळ्यात निरोप निघतानाच त्याच्या कपाळावर सगळी वाट लिहावी लागे. मधली यंत्रं ती वाचून निरोप पुढं ढकलायची, ध्यानात काही ठेवायची नाहीत. कपाळी लिहिलं नाही ते ब्रह्मदेवही पोचवणार नाही.

एकाच तारेतून दोन तऱ्हेचे निरोप जायचे. एक एकट्याचा, एकाच दारी पोचणारा. दुसरा पंगतीचा: कपाळावर गावांची यादी, आणि जिथं वाटा फुटतील तिथं त्याच्या नकला निघणार. नदीकाठचे अडतीस पुराचे भोंगे या दुसऱ्या तऱ्हेनं एकदम वाजवायचे होते. ती यादी शिवकन्याच्या हाती होती.

अडतिसावा भोंगा तलवाड्यापलीकडच्या धनेवस्तीचा, सर्वांत उशिरा बसलेला. त्याची राखण अंगणवाडीतल्या सिंधुबाईंकडं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिवकन्या एकेक भोंगा वाजवून बघायची आणि फोन करायची. सिंधुबाई फोन भोंग्याकडं धरून ओरडायच्या, "वाजला गं बाई, लई झ्याक वाजला!" मग पाच मिनिटं सुनेच्या तक्रारी आणि 'जेवलीस का' म्हणून चौकशी. आई गेल्यापासून शिवकन्याला इतक्या हक्कानं कुणी विचारलं नव्हतं. त्या बाईचा तिला लळाच लागला होता.

सप्टेंबरात भर दुपारी वरच्या धरणातून पाणी सुटलं. शिवकन्यानं पंगतीचा निरोप सोडला. पडद्यावर उमटलं: सदतीसपैकी सदतीस पोचले. तिनं सुस्कारा टाकला, चहा मागवला. तो आकडा तिला खटकला दीड तासानं. तिनं सिंधुबाईंना फोन लावला. लागला नाही.

धनेवस्तीतली तीन माणसं वाहून गेली. त्यांत सिंधुबाई होत्या.

चूक साधी होती, म्हणूनच जास्त वाईट. नव्या भोंग्याचा एकट्याचा पत्ता तिनं लिहिला होता, पंगतीच्या यादीत मात्र त्याचं नाव घालायचं राहून गेलं. महिन्याची चाचणी एकट्याच्याच वाटेनं जायची, म्हणून तो दर खेपेला वाजायचा. रोज दारावरून जाताना हालहवाल विचारावी आणि लग्नाचं आवतण द्यायलाच विसरावं, तशातली गत.

साहेब म्हणाले, "वीज पडून भोंगा जळाला, असं लिहू. मधल्या यंत्रांत नोंद राहत नाही, कुणाला कळतंय?" शिवकन्या गप्प बसली. चांगले आठ दिवस बसली. तिची बाजू घेताना हे झाकून चालायचं नाही.

मग कानावर आलं, की वस्ती सिंधुबाईंच्याच नावानं बोटं मोडतेय. म्हातारीनंच भोंग्याचं बटण बंद ठेवलं असणार, म्हणे. सून वनमाला, तिला कुणी दारात उभं करीना. तेव्हा मात्र शिवकन्या उठली आणि एसटीनं तलवाड्याला उतरून चालत वस्तीवर गेली.

देवळापुढं माणसं गाळ उपसत होती. वनमाला बाजूला एकटीच फावडं ओढत होती. शिवकन्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "बाईंनी बटण बंद केलं नव्हतं. भोंगा चांगला होता. निरोपाच्या यादीत तुमच्या वस्तीचं नाव मीच लिहिलं नव्हतं."

कुणीतरी शिवी हासडली. वनमाला फावडं टाकून पुढं आली.

"पानी दिसत व्हतं," ती म्हणाली. "आमी समदे निघालतो. आत्याच उठंनात. म्हणल्या, भोंगा वाजल्याबिगर हलायचं न्हाई, बीडची माझी लेक चुकायची न्हाई. त्यांच्यापायी अजून दोघं थांबली." ती शिवकन्याकडं बघत राहिली. "आत्याला तर लेक न्हाई. लेक कुणाला म्हणत व्हत्या?"

"मला," शिवकन्या म्हणाली.