पांढरी खसखस

चारुलता पुण्याला परत आली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण दिवाळीच्या आधी तांदूळ भिजत घातले की तिला हटकून फ्रँकफर्ट आठवतं. परदेशात राहून आलेल्या इतर बायका तिथल्या बर्फाच्या, ख्रिसमस बाजाराच्या गोष्टी सांगतात. हिला मात्र मेन स्टेशनाजवळची एक कळकट गल्ली आठवते आणि जीव नुसता कासावीस होतो.

त्या गल्लीत गर्दुल्ल्यांना नशा करायला एक सरकारमान्य खोली होती. आत स्वच्छ सुया, हाताशी नर्स, आणि मुख्य म्हणजे पोलिसांची भीती नाही. शेजारीच चहा-सूपचं काउंटर. २००४ साली चारुलता आठवड्यातून तीन दिवस बाड हॉम्बुर्गच्या घरून लोकल पकडून त्या काउंटरवर जायची. तिचा नवरा श्रीनाथ बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. कुणी विचारलंच तर 'चारू जरा सोशल वर्क करते' म्हणून तो घाईघाईने विषय बदलायचा. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? मराठी मंडळाच्या गणपतीत ही गोष्ट सांगायची तरी कशी?

ती तिथे का जाते, हे मात्र त्याला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ श्रीपाद. कॉलेजात असताना ब्राउन शुगरच्या दोन पुड्यांसकट पकडला गेला. खटला उभा राहीपर्यंतच तीन वर्षं आत गेली. वडिलांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. पहिल्या दिवाळीला चारू अनारशांचा डबा घेऊन तुरुंगाच्या दारात गेली, तर बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून डबा तसाच परत आला. श्रीपाद सुटला तो वाळून, अबोल होऊन, आणि वर्षाच्या आत गेला. तुरुंगाने त्याचं व्यसन घालवलं नाही, माणूस तेवढा घालवला.

काउंटरवर योखेन नावाचा एक माणूस रोज यायचा. पन्नाशीचा, एकेकाळी ट्राम चालवणारा, चार वेळा तुरुंग बघून आलेला. या खेपेला त्याला उपचार घेण्याची सवलत मिळाली होती. उपचार नीट पाळले तर चौदा महिन्यांची शिक्षा टळणार होती. अट एकच: लघवीच्या तपासणीत अफूच्या जातीचं काहीही सापडता कामा नये. अकरा महिने त्याने ती पाळली होती. चारूला तो 'फ्राऊ चारू' म्हणायचा आणि चहात पाच चमचे साखर घ्यायचा.

त्या दिवाळीत चारूचे अनारसे झकास जमले. एकही तुपात हसला नाही. तिने डबा भरून काउंटरवर नेला. योखेनने एक खाल्ला, डोळे मिटले, आणि बघता बघता नऊ उडवले. चारू हरखून गेली. श्रीपाद अस्साच खायचा.

दुसऱ्या दिवशी त्याची तपासणी होती. पुढचा आठवडाभर तो आलाच नाही. शेवटी तिथल्या समुपदेशक फ्राऊ लिंडनर यांनी सांगितलं, "तपासणीत अफू निघाली. तो शपथ घेऊन सांगतो, ब्रेड, सूप आणि भारतातले तिळाचे वडे, एवढंच खाल्लं. पण शपथा काय, सगळेच घेतात. आता सवलत काढून घेतील."

तिळाचे? चारू घरी आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. इंडियन दुकानातलं खसखशीचं पाकीट तिने उलटं केलं. मागे जर्मन चिठ्ठी होती: मोन, पांढरी. मोन म्हणजे बेकरीत पावावर दिसते ती काळी खसखस, ती तर चारू रोज बघत होती. अफूच्या बोंडातलीच ती, तपासणीआधी खायची नाही, हे त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. योखेनने अकरा महिने तसल्या पावाला हात लावला नव्हता. पण आपली पांढरीशुभ्र खसखस त्या काळीची सख्खी बहीण असेल, हे ना त्याला सुचलं, ना हिला. रात्री तिने ते पाकीट श्रीनाथपुढे ठेवून सगळं सांगितलं.

"अगं, आपण कशाला मध्ये पडायचं?" श्रीनाथ म्हणाला. "मार्चमध्ये इथे राहायचं परमिट रिन्यू करायचंय. परमिटच्या ऑफिसात, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, तुझं नाव ड्रग्जच्या फाइलीत दिसलं तर?"

"अहो, माझ्या हातचं खाऊन तो आत जाणार आहे," चारू म्हणाली. "एकदा डबा परत आला तेव्हा मी गप्प घरी आले होते. आता नाही येणार."

दुसऱ्या दिवशी तिने त्याच पाकिटातल्या खसखशीचे नऊ अनारसे खाल्ले आणि तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन स्वतःची लघवी तपासायला दिली. घरंदाज बाई, नावापुढे शिक्का बसला: अफू, पॉझिटिव्ह. तो कागद श्रीनाथने दोनदा वाचला. तोंडावर नुसता राग. मग चष्मा काढून म्हणाला, "गेनाऊ, बरोबर आहे. पण एका टेस्ट केसवर कोण साइन-ऑफ देतं? तू आधीचं रीडिंग कुठे घेतलंयस?"

"म्हणजे?"

"म्हणजे आधी मी काही न खाता टेस्ट देणार. मग अनारसे. मग परत टेस्ट. किती उरलेत?"

अनारशांचा तिटकारा असलेला तो माणूस टेबलाशी बसून, औषध घ्यावं तसे नऊच्या नऊ गिळत गेला. आयुष्यात त्याने तिला फुलं कधी दिली नाहीत, पण त्या दिवशी तिला नवऱ्याबद्दल जे काही वाटलं ते पुढे कुठल्याही वाढदिवसाला वाटलं नाही.

तीन कागद, पाकीट आणि उरलेल्या अनारशांचा डबा घेऊन दोघं, योखेनची सवलत ज्यांच्या हातात होती त्या सरकारी वकील बाईंसमोर बसले. बाईंनी कागद वाचले, चिठ्ठी वाचली. मग डब्याचं झाकण उघडून एक अनारसा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "हे फाइलीला जोडता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण ठेवून जा."

तीन आठवड्यांनी निकाल आला. योखेनची सवलत कायम राहिली. श्रीनाथचं परमिटही मिळालं, कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी श्रीनाथने माळ्यावरची बॅग उतरवली, तळाशी चारूने माहेरहून आणून कपड्यांत गुंडाळून ठेवलेला श्रीपादचा फोटो काढला आणि दिवाणखान्यात खिळा ठोकला. चारू पोटभर रडली.

तो फोटो आता पुण्याच्या घरात आहे. दिवाळीला चारू दोन प्रकारचे अनारसे करते. तिळाचे योखेनसाठी, ते पार्सलने फ्रँकफर्टला जातात. खसखशीचे भरलेला डबा ती फोटोसमोर ठेवते, झाकण काढून. तो डबा आता कुणी परत पाठवत नाही.