पहिल्या नंबरातले गाडे

बैलगाडा शर्यती आता पुन्हा भरतात. यात्रेच्या दिवसांत घाटावरून, म्हणजे गाडे पळतात त्या चढावरून, भोंग्याचा आवाज आला की मला मात्र बैल आठवत नाहीत, बारावी आठवते. तेव्हा नको झालेल्या त्या दिवसांची आता चक्क ओढ लागते.

तेव्हा कोरोनामुळे कॉलेज बंद होतं आणि सीईटीचा क्लास फोनवर चालायचा. कवठ्यातल्या आमच्या घरी रेंज यायची ती फक्त गोठ्याच्या ओट्यावर. तिथे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, शर्यतीचा खोंड. शर्यतींवर बंदी होती, तरी आप्पा त्याला रोज दुधातून अंडी पाजायचे. आई म्हणायची, "एकाला शर्यत न्हाई, आन् एकीला शर्यतीबिगर दुसरं काय न्हाई."

क्लासच्या ॲपवर दर रविवारी टेस्ट असायची आणि लगेच यादी. प्रत्येकाचं नाव, नावापुढे नंबर. त्याच यादीत माझी बाकावरची मैत्रीण होती, पाबळची. अकरावीत आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. यादी सुरू झाली आणि आमचं बोलणं आटलं, कारण ती कायम माझ्यापेक्षा चार-दोन नंबर पुढे.

ॲपवर जो अभ्यासाला बसला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा. तिचा ठिपका दिसतोय तोवर मी जागची हलायची नाही. ताट तसंच निवायचं. पुस्तक उघडं, पण डोक्यात एक अक्षर शिरत नसे. मला तिचा राग यायचा. ती आजारी पडावी असंही एकदा मनात आलं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

एका रविवारी दुपारी माझा नंबर तीनशे बारा आला. मी फोन उचलला आणि खोंडापुढच्या कडब्यात भिरकावला. "मी न्हाई देणार परीक्षा!"

आप्पांनी फोन काढला, धोतराला पुसला आणि बोटानं यादी वरखाली करत विचारलं, "पहिल्या नंबरात किती जणं हायेत?"

"पहिला एकच असतो, आप्पा."

"एकच? मार्क किती त्याला?"

"एकशे ऐंशी. दुसऱ्याला एकशे एकोणऐंशी."

आप्पा भडकलेच. "आपल्या घाटात बारा सेकंदांच्या आत जो पोचंल तो पहिल्या नंबरात. मग ईस गाडे येऊ देत, ईसच्या ईस पहिले! एका मार्कापायी माणूस दुसरा? ह्यो घाट बांधला तरी कुणी?"

मला रडता रडता हसू फुटलं. आप्पांचं बोट यादीत एका नावावर थांबलं. "ही पाबळची न्हवं? आपल्याकडं दिवाळीला ऱ्हायला आलती ती? लाव बरं तिला फोन."

मी नाक मुरडलं, पण लावला. तिनं उचलला. ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा अभ्यास चाललाय ना? हिरवा ठिपका दिसतोय तुझा. त्यो गेला की मी जेवते."

फोन कडब्यात पडला होता तेव्हाही ॲप चालूच राहिलं होतं.

"अगं, मी कुठं अभ्यास करतीये? मी मघाच फोन वैरणीत फेकला."

"मग अभ्यास कोण करत होतं?"

"खोंड!"

ती हसली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. दुपारचे तीन वाजून गेले होते, आणि पाबळात तिचं ताटही माझ्या ताटासारखंच झाकलेलं होतं.

आम्ही एक, दोन, तीन म्हटलं आणि दोघींनी एकदमच ॲप बंद केलं. फोन मात्र कानालाच ठेवला. गार झालेली भाकरी मोडली आणि कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी एकत्र जेवलो.