आण्णा कशाला ‘न्हाय’ म्हणाले

बातमी कळली तेव्हा मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका क्लासच्या ऑफिसात बसले होते. सीएमएचा, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेचा, अभ्यास घरी बसून करायचा की रोज क्लासला यायचं, एवढंच विचारायला गेले होते. समोरच्या बाई वेळापत्रक दाखवत होत्या आणि माझ्या नवऱ्याचा, प्रशांतचा, फोन आला. तो नुसतं “वैशाली” म्हणाला आणि थांबला. आमच्या घरून फोन आला की त्याच्यामागे यंत्रमागांचा खडखडाट असतोच. त्या दिवशी सकाळचे साडेअकरा वाजलेले, कामाचा दिवस, आणि फोनमागे काहीच ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, “लाईट गेली काय?” तो म्हणाला, “लाईट हाय. आण्णा गेलं.”

आण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे विचारतात, कसे होते, शेवटी काही बोलले का... आणि मी सांगायला लागले की माझाच गोंधळ होतो. ते माझ्या बाजूचे होते की विरोधातले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कबनूरमध्ये आमचे आठ यंत्रमाग आहेत, घराला लागूनच असलेल्या शेडमध्ये. स्वयंपाकघराची आणि शेडची भिंत एकच, त्यामुळे माग चालू असले की घरात ओरडूनच बोलावं लागतं. आण्णा जन्माचे मालक नव्हेत. तरुणपणापासून ते दुसऱ्यांच्या शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की हाक यायची आणि हे पाना घेऊन निघायचे. मग एकेक करून स्वतःचे माग उभे केले. त्या सगळ्यात त्यांचे कान गेले. मी लग्न होऊन आले तोवर ते समोरच्याच्या ओठांवरूनच बरंचसं ओळखायचे. जे ओळखता यायचं नाही त्याला मान हलवून “व्हय, व्हय” म्हणायचे. सुरुवातीला मला वाटायचं, किती समजूतदार माणूस, प्रत्येक गोष्टीला होकार. वर्षभरानं लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. कुठल्या निम्म्या, ते मात्र कधी कळलं नाही.

माझ्या नणंदेनं, सुनीताताईंनी, एकदा कोडोलीहून येऊन त्यांना इचलकरंजीला नेलं आणि कानाचं मशीन बसवून आणलं. आण्णा घरात आले, चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले. भिंतीपलीकडे आठही माग चालू होते. बराच वेळ ते भिंतीकडे बघत होते. मग मला म्हणाले, “एवढ्या आवाजात तुमी ऱ्हाताय व्हय गं?” आम्हाला हसू आलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं ते कायमचं. सुनीताताई चिडल्या. मला आपलं वाटलं, त्रास होत असेल.

लग्नाआधी मी बी.कॉम. करून दोन वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काम केलं होतं. लग्न झालं, मुलगी तनू झाली आणि ते सुटलं. गेल्या वर्षी तनू बालवाडीत जायला लागली तेव्हा माझ्या मैत्रिणीनं सीएमए इंटरची तिची पुस्तकं आणून दिली. ती दोन महिने कपाटावर तशीच होती. कोल्हापूरच्या क्लासला जायचं तर जाऊन-येऊन तीन तास जाणार, तनूकडे कोण बघणार? घरी बसून करायचं तर भिंतीपलीकडे माग आणि अलीकडे मी, जेवण, पाहुणे, सूत घेऊन येणारी माणसं. एक मैत्रीण घरी बसून पास झाली होती, दुसरी घरी बसूनच तीनदा नापास झाली होती. प्रशांतला विचारलं तर तो म्हणाला, “तुझं तू बघ.” हा पाठिंबा होता की अंग काढून घेणं होतं, ते त्याच्या तोंडावरून काही कळेना.

शेवटी आण्णांना विचारायचं ठरवलं. दुपारी ते जेवायला बसले होते. मी समोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि म्हणाले, “आण्णा, घरात बसून अभ्यास करून परीक्षा देईन म्हणतीय. देऊ का?” त्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “न्हाय. घरात बसून न्हाय व्हायचं ते.” मग भाकरीचा तुकडा मोडत, खाली बघूनच म्हणाले, “भाईर पड की.”

मी उठले आणि आत गेले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. बाहेर पड म्हणजे काय? क्लासला जा, की समोरून ऊठ? की त्यांना ऐकूच आलं होतं निराळं, घरात बसून कंटाळा येतो असं काहीतरी, आणि म्हणून जरा फिरून ये म्हणाले? पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आठवड्यानं सुनीताताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “आण्णांनी मला सांगितलंय, तिला नको म्हणालोय म्हणून. वय झालंय त्यांचं, त्यांच्या मनाविरुद्ध नको काय करूस.” त्याच दिवशी प्रशांत जेवताना म्हणाला, “आण्णा म्हणत होते, तिच्या डोक्यात काय हाय ते करू दे.” एकाच माणसानं दोन्ही पोरांना दोन तऱ्हेचं सांगितलं होतं, किंवा दोघांनी आपापल्या मनातलं ऐकलं होतं. मला तरी कुठलं खरं धरावं ते समजेना.

त्यानंतर काही दिवसांनी आण्णांनी दुपारी एक ते तीन माग बंद ठेवायला सुरुवात केली. कामगार कुरकुरले. प्रशांतही म्हणाला, “आण्णा, हे काय नवीन काढलंय?” ते म्हणाले, “तेल द्याया नको? मागांनाबी जरा दम खाऊ दे.” रोज दोन तास तेल कुणी देत नाही, एवढं मलाही माहीत आहे. पण त्याच सुमाराला डॉक्टरांनी त्यांना दुपारी आडवं व्हायला सांगितलं होतं. तेव्हा ते स्वतःसाठी असेल असं मी धरून चालले. तनू त्या वेळी झोपायची. घर इतकं शांत व्हायचं की पंख्याचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी मी नुसतीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी कपाटावरची पुस्तकं काढली.

आण्णा मात्र आडवे झाले नाहीत. शेडच्या बाहेरच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. एकदा सुताचा एजंट आला तर मला आतून ऐकू आलं, “पावणं, तीनच्या पुढं या. घरात काम चाललंय.” एजंटानं विचारलं, “माग तर बंद हायत की?” त्यावर आण्णा म्हणाले, “व्हय, व्हय.” हे ते ऐकू न आल्यामुळे म्हणाले की ऐकू आल्यामुळे... मी पुस्तक उघडं धरून त्याचाच विचार करत बसले होते.

असे सहा आठवडे गेले. मग एका सकाळी ते आपण होऊन माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “कोल्लापूरला जाऊन तर ये. इचारून ये काय ते. पोरगीला मी आणतो बालवाडीतनं.” मी तयार झाले. ते स्टँडपर्यंत सोडायला आले, याआधी कधी आले नव्हते. मी एसटीत खिडकीशी बसले आणि गाडी सुरू झाली, तेव्हा ते खाली उभे राहून काहीतरी बोलले. दोन-तीन वाक्यं तरी असतील. इंजिनाच्या घरघरीत मला एक शब्द ऐकू आला नाही. त्यांचे ओठ मला दिसत होते, पण ओठांवरून ओळखायची सवय त्यांना होती, मला नव्हती. मी मान हलवली आणि म्हणाले, “व्हय आण्णा, व्हय.” त्यांनीही मान हलवली आणि ते वळले. त्यानंतर दोन-अडीच तासांनी शेडच्या दारात, खुर्चीवर बसल्या बसल्याच ते गेले. प्रशांत आतल्या मागावर तुटलेला धागा जोडत होता.

मी कशाला होकार दिला, ते मला माहीत नाही. क्लास लाव म्हणाले असतील. क्लास नको, घरीच बस म्हणाले असतील. नाहीतर नुसतं परतीच्या गाडीचं, सुट्ट्याचं, पाण्याच्या बाटलीचं काही असेल. कितीतरी दिवस मी डोळे मिटून त्यांचे ओठ आठवायचा प्रयत्न केला. दर वेळी त्यातून मला हवं तेच वाक्य तयार होतं, म्हणून मग मी ते सोडून दिलं.

दिवसकार्य उरकल्यावर सुनीताताई जायला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, “आता तरी ते खूळ सोड. घराला बाई पाहिजे.” त्या रागानं बोलत नव्हत्या, रडून त्यांचे डोळे सुजले होते. तनूला सांभाळायला आता कुणी नाही, म्हणजे क्लासचा प्रश्न आपोआप मिटला. उरलं ते घरी बसून करणं, आणि नेमकं त्यालाच आण्णा न्हाय म्हणाले होते. परीक्षेचा फॉर्म समोर ठेवून चार दिवस काढले. पाचव्या दिवशी भरला. परीक्षेच्या दोन ग्रुपपैकी एकाचाच भरला. धीर करून भरला म्हणावं तर तसं नव्हतं, न भरता बसून राहणं जास्त जड जायला लागलं म्हणून भरला. त्यांचं ऐकलं की मोडलं, ते मला सांगता येणार नाही.

प्रशांतनं मला काहीही न विचारता एक ते तीन माग बंद ठेवणं चालू ठेवलं आहे. आण्णांची खुर्चीही त्यानं दारातच राहू दिली आहे, पण तिथं कुणी बसत नाही. काल एकला खडखडाट थांबला, मी पुस्तकं मांडली आणि तेवढ्यात तो आत येऊन समोर बसला. मी म्हणाले, “जेवायला वाढू का?” दोघांत चार हातांचं अंतर, घरात पंख्याशिवाय दुसरा आवाज नाही, आणि मी ते गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले होते. तनू झोपेत हलली. प्रशांत म्हणाला, “हळू बोल की, ऐकू येतंय मला.” आणि तेही तो मोठ्यानंच म्हणाला.