दोरीपलीकडची खंडेनवमी

"आई गेली गं..." सांगलीहून आतेभावाचा फोन आला तेव्हा मी वाईच्या बाजारात भाजी घेत होते. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला. खंडेनवमी तोंडावर आलेली आणि ही बाई ऐन वेळी निघून गेली!

पारूआत्यानं उभा जन्म कृष्णाकाठच्या जिनिंगच्या कारखान्यात काढला. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रानं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तरी दर खंडेनवमीला ती त्याच यंत्राला हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. मी एकदा चिडून म्हटलं, "त्याची कसली पूजा करतेस? लाथ घाल की!" ती हसली. "बोटं नेली खरी, पर माजी लेकरं त्याच्यावरच जेवली न्हवं?" कारखाना बंद पडला, छपरं उडाली, तिची पूजा काही चुकली नाही.

मग कारखान्याचे ते अवशेष वारसा म्हणून जपायचं सरकारनं ठरवलं. चिमणीची डागडुजी झाली, यंत्रांना काळा रंग लागला, भोवती दोरी आली आणि पाटीही : हात लावू नये. त्या वर्षी मी तिच्यासोबत होते. ती दोरीखालून वाकून आत शिरली तसा पहारेकरी धावला. "आवं आज्जी, फुलं हितंच ठेवा, अलीकडं. वरनं हुकूम हाय." आत्या कसली ऐकते! "आत राबले, रगत आत सांडलं, आन् पूजा भायेरनं करू व्हय रं? तुजा हुकूम घाल चुलीत!" शहरातली मंडळी फोटो काढायचं सोडून बघतच राहिली. मला थोडी लाज वाटली, पण अभिमानानं ऊर भरून आला. पुढं दरवर्षी हे भांडण ठरलेलंच. तो ओरडायचा, ती आत जायची.

यंदा आतेभाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. वर्षाच्या आत सण करत न्हाईत."

"मग तुमच्या घरी नका करू," मी म्हटलं. "मी कारखान्यात निघालेय."

गेले. दोरीखालून वाकले, लोखंडाला हळदकुंकू लावलं, माळ घातली. पहारेकरी तोच. या खेपेला ओरडला नाही. जवळ येऊन त्यानं फडकं पुढं केलं. "ताई, आज सायेब यायच्यात. तेवडं पुसून टाका. आज्जी तर आता न्हाईत..."

"ती नाही म्हणूनच पुसणार नाही," माझा आवाज चढला. "दारातल्या माहितीच्या पाटीवर मालकाचं नाव आहे, इंजिनाचं नाव आहे. राबणाऱ्या एका तरी बाईचं आहे का? येऊ द्यात तुमचे साहेब. मीच सांगते त्यांना."

मी पदर खोचला आणि साहेब येईपर्यंत त्या यंत्राला पाठ लावून बसून राहिले.