समोर बसायला कुणी

नांदेडला लॅपटॉप घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात ती बाई भेटली. पन्नाशीची असावी. अर्धापूरची केळी बाहेरगावी पाठवायचा धंदा नवऱ्यामागे आपण एकटीच बघतो, असं ती दुकानदाराला सांगत होती. तिच्यापुढे स्क्रीन पूर्ण मागे दुमडणारा एक भारी लॅपटॉप होता. ती त्याच्या बिजागरीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

मग मला म्हणाली, “भाऊ, जरा समोर बसता का? गिऱ्हाइकाला कसं दिसतं, बघायचंय.”

मी बसलो. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि माल, भाव, गाड्या, सगळं मला समजावून सांगू लागली. चेहरा खुलला होता तिचा. बोलता बोलता ती एकदम थांबली.

“लई दिवसांनी समोर कुणी बसलं,” ती म्हणाली. “हे होते तेव्हा ऑफिसात बसायला जागा नसायची. आता सगळे फोनवरच बोलून राहिलेत.”

तिने लॅपटॉप हळूच मिटला. दुकानदाराला म्हणाली, “साधाच दाखवा दादा. मला एकटीला तेवढा बास.”

माझं काम झालं होतं. तरी तिची खरेदी होईपर्यंत मी तिच्यासमोर बसून राहिलो.